भौतिकशास्त्र विभागातलं उपयोजित संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सी संपत आलेले विद्यार्थी, पीएचडीसाठी विभाग शोधणारे आणि ‘तुम्ही लोक तिथे नक्की करता काय?’ असं मधूनच विचारणारे इतर शाखांतले मित्र, या सगळ्यांचे प्रश्न बरेचसे सारखे असतात. ते इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण ती पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे: संशोधनाचा विषय त्याच्या नावावरून निवडू नका. रोज हाताखाली कोणतं यंत्र असेल, त्यावर काय मोजायचं आणि मोजलेलं खरं की खोटं हे कसं ठरवायचं, हे पाहून निवडा.

उपयोजित भौतिकशास्त्र आणि इंजिनीअरिंग यांत फरक काय?

इंजिनीअरला वस्तू चालायला हवी असते. भौतिकशास्त्रज्ञाला ती का चालते आणि जास्तीत जास्त किती चालू शकेल, हे हवं असतं. ऑप्टिकल फायबरचं उदाहरण घ्या. १९६०च्या दशकात काचेच्या धाग्यातून प्रकाश पाठवला तर एका किलोमीटरला सुमारे १००० डेसिबल एवढी घट व्हायची, म्हणजे दुसऱ्या टोकाला व्यवहारात काहीच पोचायचं नाही. काच या कामाची नाही, असंच बहुतेकांचं मत होतं. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवलं की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धींचा आहे, मुख्यतः लोहाच्या आयनांचा. त्या काढल्या तर घट किलोमीटरला २० डेसिबलपर्यंत खाली येऊ शकते आणि तेवढ्यावर दूरसंचार चालतो. २० डेसिबल म्हणजे एका किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश उरणं. चारच वर्षांत तसा फायबर तयार झाला. आज १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला घट ०.२ डेसिबलच्या आसपास असते, म्हणजे एका किलोमीटरनंतर ९५ टक्के प्रकाश शिल्लक.

फायबर ओढण्याची भट्टी, त्याचं आवरण, जोडणी हे सगळं इंजिनीअरिंग. ‘मर्यादा काचेची नाही’ हे वाक्य भौतिकशास्त्राचं. काओ यांना २००९ चं नोबेल मिळालं ते भौतिकशास्त्राचंच.

मग मूलभूत संशोधन करणारे आणि उपयोजित संशोधन करणारे लोक वेगळे असतात का?

फलकांवर वेगळे असतात, प्रयोगशाळेत फारसे नाही. १९८८ मध्ये आल्बेर फर्ट आणि पीटर ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे पाहिलं की लोह आणि क्रोमियमचे काही अणूंएवढे पातळ थर एकावर एक दिले तर चुंबकीय क्षेत्रात त्यांचा रोध खूप बदलतो. तेव्हा ते निखळ चुंबकत्वाचं काम होतं. १९९७ मध्ये त्याच परिणामावर चालणारं वाचन-हेड हार्ड डिस्कमध्ये बसलं होतं. फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुनाद मोजला, तेव्हा त्यातून एमआरआय निघेल असं त्यांच्या डोक्यातही नसावं.

उलट दिशेचीही उदाहरणं आहेत. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. हा सापेक्षतेचा परिणाम. तो हिशेबात धरला नाही तर अंतरातली चूक दिवसाला ११ किलोमीटरच्या घरात साचत जाईल. सापेक्षता म्हणजे फळ्यावरचा विषय, असं समजणाऱ्यांना हा आकडा जरूर सांगावा.

एखाद्या विभागात साधारण कोणकोणती क्षेत्रं सापडतात?

विभागागणिक फरक पडतो, पण सर्वांत मोठा गट बहुधा पदार्थांवर काम करणाऱ्यांचा असतो: अर्धवाहक, थिन फिल्म (अतिशय पातळ थर), चुंबकीय पदार्थ, बॅटरीचे इलेक्ट्रोड, सेन्सर. त्याखालोखाल लेझर आणि फोटॉनिक्स. मग किरणोत्सर्ग आणि वैद्यकीय भौतिकी, प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा वायू), आयन बीम, अतिशीत तापमानातलं काम, वातावरण आणि भूभौतिकी, जैवभौतिकी. गेल्या काही वर्षांत क्वांटम तंत्रज्ञानाची पाटी बऱ्याच दारांवर दिसू लागली आहे. यातल्या काही दारांमागे आधी ‘ऑप्टिक्स’ किंवा ‘चुंबकीय अनुनाद’ अशी पाटी होती आणि आतली माणसं तीच आहेत. त्यात काही वावगं नाही, पण पाटी वाचून भारावून जाण्याआधी आत डोकावून बघा.

संगणकीय गट या सगळ्यांत पसरलेला असतो. त्याबद्दल पुढे.

थिन फिल्मच्या लॅबमध्ये दिवसभर नक्की करतात काय?

मुख्यतः साफसफाई आणि वाट पाहणं. थट्टा म्हणून सांगत नाही. समजा काचेवर झिंक ऑक्साइडचा २०० नॅनोमीटर जाडीचा थर स्पटरिंगने, म्हणजे आयनांच्या माऱ्याने पदार्थाचे अणू उडवून पट्टीवर बसवण्याच्या पद्धतीने, द्यायचा आहे. सकाळी काचपट्ट्या साबणाच्या पाण्याने धुवायच्या, मग डिस्टिल्ड वॉटर, ॲसिटोन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एकेक करून अल्ट्रासॉनिक बाथला लावायच्या आणि नायट्रोजनच्या झोताने वाळवायच्या. हातमोजे घातले असले तरी पट्टी कडेलाच धरायची, तीही चिमट्याने. बोटाचा तेलकट ठसा उमटला तर थर त्या जागी सोलून निघतो आणि ते दुपारी चारला कळतं.

पट्ट्या चेंबरमध्ये बसवल्या की आधी रोटरी पंप, मग टर्बो पंप. दाब मिलिबारच्या दहालाखाव्या भागापर्यंत खाली यायला काही तास लागतात. आदल्या दिवशी चेंबर दमट हवेत उघडं राहिलं असेल तर आणखी जास्त, कारण भिंतींना चिकटलेली पाण्याची वाफ हळूहळू सुटत राहते. दाब खाली आला की आर्गॉन सोडायचा, १३.५६ मेगाहर्ट्झचा आरएफ पुरवठा द्यायचा आणि प्लाझ्मा पेटला की शटर बंद ठेवून काही मिनिटं टार्गेटचा (ज्या पदार्थाचे अणू उडवायचे त्या तुकड्याचा) वरचा मळका थर उडवून द्यायचा. त्यानंतर शटर उघडायचं. प्रत्यक्ष थर बसायला लागणारा वेळ दिवसभरातला सर्वांत छोटा भाग असतो.

पट्टी बाहेर आली की जाडी, एक्सआरडी (स्फटिकरचना पाहणारं क्ष-किरण विवर्तन), पारगम्यता (किती प्रकाश आरपार जातो), फोर-प्रोबने (चार टोकं टेकवून) रोध. आणि मग खरी परीक्षा: त्याच सेटिंगवर पुढच्या आठवड्यात तसाच थर येतो का? येत नसेल तर आधीचं सॅम्पल कितीही देखणं असलं तरी त्यावर पेपर लिहायची घाई करू नये. वहीत आर्द्रता, पंपाला लागलेला वेळ, टार्गेट किती वापरलेलं आहे अशा ‘फालतू’ नोंदी करणाऱ्याला फरक कुठे पडला ते सापडतं. बाकीचे नशिबाला बोल लावतात.

एक्सआरडीच्या ग्राफवरून कणांचा आकार काढतात तो कितपत खरा?

सूत्र सोपं आहे, म्हणूनच त्याचा सर्रास गैरवापर होतो. शेरर सूत्राप्रमाणे स्फटिकाचा आकार म्हणजे ०.९ गुणिले तरंगलांबी, भागिले पीकची (ग्राफमधल्या शिखराची) रुंदी आणि कोनाचा कोसाइन यांचा गुणाकार. तांब्याच्या नळीसाठी तरंगलांबी ०.१५४०६ नॅनोमीटर. झिंक ऑक्साइडचं ००२ हे पीक ३४.४ अंशांच्या आसपास येतं. त्याची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.४ अंश असली, तर ती रेडियनमध्ये ०.००७ होते. कोन निम्मा करून, म्हणजे १७.२ अंश धरून, कोसाइन घेतला की उत्तर येतं सुमारे २१ नॅनोमीटर.

इथवर ठीक. पण या ०.४ अंशांत यंत्राची स्वतःची रुंदी मिसळलेली आहे. ती प्रमाणित पावडरवर, उदाहरणार्थ लँथेनम हेक्साबोराइडवर, मोजून वजा करावी लागते. थरात ताण असेल तर तोही पीक रुंदावतो. शिवाय निघालेला आकार सुसंगत स्फटिकाचा असतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसणारा एक कण अशा अनेक स्फटिकांचा मिळून झालेला असू शकतो. त्यामुळे एखाद्याने ‘२०.८३ नॅनोमीटर’ असं दोन दशांशांपर्यंत लिहिलेलं दिसलं की त्याने यापैकी काही केलेलं नाही, असं मी खुशाल समजतो.

नॅनो म्हटलं की सगळं नवं असतं का?

नाही. आकार लहान केल्यामुळे गुणधर्म का बदलला हे सांगता आलं तर काम झालं. नुसता आकार लहान केला असेल तर तो फक्त लहान आकार आहे.

सोलर सेलवर इतकं काम झालंय. अजून काही शिल्लक आहे का?

भरपूर, मात्र ‘कार्यक्षमता वाढवणं’ एवढंच डोक्यात धरून येऊ नका. बेल लॅब्समध्ये १९५४ साली सिलिकॉनचा पहिला व्यवहार्य सेल झाला तो सुमारे ६ टक्क्यांचा. १९६१ मध्ये विल्यम शॉकली आणि हान्स क्वाइसर यांनी एका जोडाच्या (एकाच अर्धवाहकाच्या) सेलची सैद्धांतिक मर्यादा मांडली. ती आजच्या हिशेबाने ३३ टक्क्यांच्या आसपास आहे. कारण साधं आहे. ऊर्जापट्ट्यांतल्या अंतरापेक्षा (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणाऱ्या किमान ऊर्जेपेक्षा) कमी ऊर्जेचे फोटॉन आरपार जातात आणि जास्त ऊर्जेच्या फोटॉनांची वरची ऊर्जा उष्णतेत जाते. सिलिकॉनचं हे अंतर १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. हे दोन्ही तोटे एकाच वेळी टाळता येत नाहीत, म्हणून दोन वेगळ्या पदार्थांचे सेल एकावर एक ठेवण्याची कल्पना पुढे आली. सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट (विशिष्ट स्फटिकरचनेचा अर्धवाहक) ठेवलेल्या जोडसेलांनी प्रयोगशाळेत ३३ टक्क्यांची पातळी ओलांडली आहे.

पेरोव्हस्काइटचीच गोष्ट बघा. २००९ मध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने ३.८ टक्क्यांचा सेल दाखवला आणि आज एकट्या पेरोव्हस्काइटचे सेल २५ टक्क्यांच्या वर गेले आहेत. सिलिकॉनला अशा मजलेसाठी दशकं लागली होती. अडचण टिकाऊपणाची आहे. ओलावा, उष्णता आणि खुद्द प्रकाश यांनी हा पदार्थ खराब होतो, आणि त्यात शिसं असतं. आयन आतल्या आत कसे सरकतात, सीमांवर काय साचतं, कुठला थर आधी मरतो, हे प्रश्न अस्सल भौतिकशास्त्राचे आहेत आणि अजून सुटलेले नाहीत.

कुणी मोठा आकडा सांगितला की तीन गोष्टी विचारा. सेलचं क्षेत्रफळ किती होतं? प्रकाश फक्त तेवढ्याच भागावर पडेल असा मास्क लावला होता का? व्होल्टेज चढतं आणि उतरतं, अशा दोन्ही बाजूंनी मोजलं तर तोच आकडा येतो का? पेरोव्हस्काइटमध्ये या दोन मोजण्या वेगवेगळ्या निघणं नवीन नाही. चांगला निकाल तेवढा पेपरात जातो आणि दुसरा वहीत राहतो.

गॅस सेन्सरचा विषय सोपा म्हणतात. घ्यावा का?

सेन्सर बनवणं सोपं आहे. टिन ऑक्साइडचा थर २०० ते ४०० अंश सेल्सियसला तापवा, समोर गॅस सोडा, रोध बदलतो, ग्राफ मिळतो. अवघड पुढेच आहे. त्याच थराचा रोध पाण्याच्या वाफेनेही बदलतो, अल्कोहोलनेही बदलतो आणि महिनाभर वापरल्यावर आपोआपही बदलतो. कोरड्या हवेत, एकाच गॅससमोर, एका दिवसात घेतलेली रीडिंग म्हणजे सेन्सर नव्हे. तुमचा गट आर्द्रता नियंत्रित करून, मिश्र गॅस देऊन आणि महिनोन्महिने तोच थर चालवून मोजत असेल तर विषय उत्तम आहे. नसेल तर कपाटातल्या तशाच प्रबंधांत आणखी एकाची भर पडेल.

लेझरच्या गटात काम करायला काय लागतं?

संयम आणि शिस्त. थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये रुबीचा पहिला लेझर चालवला, तेव्हा त्याचा उपयोग काय असा प्रश्न होता. आज वेल्डिंगपासून डोळ्यांच्या शस्त्रक्रियेपर्यंत तो सगळीकडे आहे. त्या शस्त्रक्रियेतल्या फेमटोसेकंद (अतिशय छोट्या स्पंदांच्या) लेझरांमागे डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांचं १९८५ चं काम आहे: छोटा स्पंद आधी काळात ताणायचा, मग वाढवायचा, मग पुन्हा दाबायचा, म्हणजे वाढवताना काच आणि स्फटिक फुटत नाहीत. स्ट्रिकलंड तेव्हा पीएचडीच्या विद्यार्थिनी होत्या.

रोजचं काम म्हणजे आरसे एका धाग्यात आणणं. एक स्क्रू केसभर फिरवला की तिसऱ्या टेबलावरचा सिग्नल गायब होतो. सुरक्षिततेबाबत मात्र कुणाचंही ‘चालतंय’ ऐकू नका. १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्याचं भिंग तो बरोबर पडद्यावर केंद्रित करतं. दिसत नाही म्हणून पापणीही मिटत नाही. घड्याळ आणि अंगठी काढून ठेवायची, खाली पडलेली वस्तू उचलायला बीमच्या पातळीवर डोकं न्यायचं नाही, आणि गॉगल त्याच तरंगलांबीचा आहे ना हे काडीवरची अक्षरं वाचून पाहायचं. हिरव्यासाठीचा गॉगल अवरक्ताला उपयोगाचा नाही.

वैद्यकीय भौतिकीसाठी डॉक्टर असावं लागतं का?

नाही. पण इथे दोन वाटा आहेत आणि त्या सुरुवातीलाच वेगळ्या ओळखाव्यात.

एक वाट रुग्णालयाची. रेडिएशनचा डोस किती, कुठल्या दिशेने, यंत्र आज बरोबर तेवढाच डोस देतंय का, याची जबाबदारी वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञावर असते. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण आणि मान्यता लागते, आणि तिचे नियम देशादेशांत वेगळे आहेत. नुसत्या पीएचडीवर ते काम करता येईल असं गृहीत धरू नका.

दुसरी वाट संशोधनाची, आणि तिथे भौतिकशास्त्र फार रंगतदार आहे. प्रोटॉन शरीरात शिरताना थोडी थोडी ऊर्जा देत जातो आणि थांबण्याच्या जरा आधी उरलेली बहुतेक टाकून मोकळा होतो. क्ष-किरण तसे थांबत नाहीत, ते पलीकडे जातात. रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्येच सुचवलं होतं की याचा उपयोग गाठीवर मारा करायला होईल. १५० मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा प्रोटॉन पाण्यात सुमारे १६ सेंटिमीटर जातो. ऊर्जा बदलली की खोली बदलते. पण शरीर म्हणजे पाणी नव्हे. हाड आणि हवा मध्ये आली की पल्ला सरकतो. प्रोटॉन नक्की कुठे थांबला हे बाहेरून कसं ओळखायचं, यावर अनेक गट काम करतात.

पेट स्कॅनचंही, म्हणजे शरीरात सोडलेला किरणोत्सारी पदार्थ कुठे साचला ते दाखवणाऱ्या तपासणीचंही, तसंच. फ्लोरिन-१८ चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटं. त्यातून निघालेला पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित प्रतिकण) इलेक्ट्रॉनला भेटला की ५११ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे दोन फोटॉन जवळजवळ विरुद्ध दिशांना जातात. दोघे पोचल्याच्या वेळांतला फरक मोजला तर घटना त्या रेषेवर कुठे झाली ते कळतं. वेळेतली अनिश्चितता अर्धा नॅनोसेकंद असेल तर जागेतली साडेसात सेंटिमीटर. ती २०० पिकोसेकंदांवर आणली की ३ सेंटिमीटर. डिटेक्टरचे स्फटिक आणि इलेक्ट्रॉनिक्स यांवर आयुष्य घालवणारे लोक या पिकोसेकंदांमागे असतात.

क्वांटम तंत्रज्ञानासाठी थिअरी फार पक्की लागते का?

पुंजयांत्रिकी समजायला हवी, यात सवलत नाही. पण रोजच्या कामात मायक्रोवेव्ह, व्हॅक्यूम, इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रोग्रामिंग जास्त लागतं. अतिसंवाहक क्यूबिट (क्वांटम संगणकाचे मूळ घटक) १० ते २० मिलिकेल्विनला ठेवावे लागतात. अवकाशाची पार्श्वभूमीही २.७ केल्विन असते, त्यापेक्षा हे शंभरपटीने थंड. एवढ्या थंड जागी जाणारी प्रत्येक वायर आपल्याबरोबर उष्णता नेते. त्यामुळे वायरिंग हाच संशोधनाचा अर्धा भाग होतो.

हे सगळं सगळ्यांना परवडत नाही. तुलनेने कमी खर्चात करता येणारं एक काम म्हणजे हिऱ्यातली नायट्रोजन-पोकळी केंद्रं. कार्बनच्या एका जागी नायट्रोजन आणि शेजारची जागा रिकामी, असा हा दोष. त्यावर ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर टाकला की लाल प्रकाश येतो. सोबत मायक्रोवेव्हची वारंवारता बदलत नेली की २.८७ गिगाहर्ट्झला लाल प्रकाश मंदावतो. दोषाच्या अक्षाच्या दिशेने १ मिलिटेस्ला चुंबकीय क्षेत्र लावा: ग्राफमधल्या एका दरीच्या दोन होतात, ५६ मेगाहर्ट्झ अंतरावर. हे सगळं खोलीच्या तापमानाला, एका टेबलावर. स्क्रीनवर त्या दोन दऱ्या पहिल्यांदा वेगळ्या होताना पाहिल्या की स्पिन (इलेक्ट्रॉनचा अंगचा चुंबकीय गुणधर्म) ही फक्त पुस्तकातली गोष्ट राहत नाही.

प्रयोग करावेत की संगणकीय काम?

स्वभाव पाहा. संगणकीय गटातला माणूस पंप बिघडला म्हणून अडत नाही, पण त्याचा वेळ क्लस्टरच्या (जोडलेल्या अनेक संगणकांच्या) रांगेत आणि अभिसरण, म्हणजे उत्तर स्थिरावलं का ते, तपासण्यात जातो. पदार्थांच्या गणनेत सर्वांत जास्त वापर घनता-फलन सिद्धान्ताचा, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून पदार्थाचे गुणधर्म काढण्याच्या पद्धतीचा. त्याचा पाया १९६४ आणि १९६५ च्या दोन पेपरांत घातला गेला, आणि वॉल्टर कोन यांना १९९८ चं नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं. पद्धत ताकदवान आहे, पण तिची खोड माहीत असावी: नेहमीच्या सोप्या फलनांनी काढलेलं ऊर्जापट्ट्यांतलं अंतर कमी येतं. सिलिकॉनचं १.१२ ऐवजी ०.६ च्या आसपास. झिंक ऑक्साइडचं प्रयोगात ३.३ च्या घरात, गणनेत एकाच्याही खाली. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, सुबक आकृती काढून देतं. प्रयोग करणाऱ्या कुणाशी नियमित बोलणारा संगणकीय विद्यार्थी अशा आकृत्यांना फसत नाही.

मशीन लर्निंग शिकावं का?

शिका, महिन्याभरात उपयोगापुरतं येतं. डेटा वाईट असेल तर ते वाचवत नाही.

प्लाझ्मा म्हणजे फ्यूजन रिॲक्टरच ना?

तो एक भाग. बहुतेक विभागांतलं काम कमी तापमानाच्या प्लाझ्माचं असतं. चिपवरच्या रेषा कोरणं, प्लास्टिकचा पृष्ठभाग शाई धरेल असा करणं, कापण्याच्या अवजारांवर टायटेनियम नायट्राइडचा सोनेरी थर देणं, हे सगळं त्यातच येतं.

पुरातत्त्व किंवा कलेशी भौतिकशास्त्राचा संबंध येतो का?

चांगलाच येतो आणि या कामांची मजा वेगळी आहे. कार्बन-१४ चा अर्धायुकाल ५७३० वर्षं. जुन्या पद्धतीत त्याचे क्षय मोजत बसावं लागायचं आणि त्यासाठी नमुना ग्रॅममध्ये लागायचा. त्वरक (कणांचा वेग वाढवणारं यंत्र) वापरून अणूच थेट मोजले तर मिलिग्रॅमभर पुरतो. हा फरक एखाद्या हस्तलिखितासाठी पान कापायचं की कडेचा एक धागा घ्यायचा, एवढा मोठा आहे. प्रोटॉनच्या बीमने नाण्यातली किंवा शाईतली मूलद्रव्यं नमुना न तोडता ओळखता येतात.

आकाशातून फुकट मिळणारे म्यूऑनही (वैश्विक किरणांपासून तयार होणारे कण) कामाला लावतात. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक म्यूऑन येतो. जाड दगडातून कमी पोचतात, पोकळीतून जास्त. लुइस अल्वारेझ यांनी खाफ्रेच्या पिरॅमिडमध्ये हाच प्रयोग केला. १९७० मध्ये छापलेला निकाल असा होता की पाहिलेल्या भागात लपलेली खोली नाही. २०१७ मध्ये खुफूच्या पिरॅमिडमध्ये किमान ३० मीटर लांबीची पोकळी याच पद्धतीने सापडली. ‘नाही’ हा अल्वारेझांचा निकालही तितकाच पक्का होता, हे विसरू नये.

मार्गदर्शक कसा निवडावा?

पेपरांची यादी वाचा, पण तिथे थांबू नका. लॅबमध्ये जा, शक्यतो आधी कळवून पण मार्गदर्शक नसताना, आणि तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी चहाला बसा. त्यांना विचारा: यंत्र आपलं आहे की दुसऱ्या संस्थेत सॅम्पल पाठवून महिनाभर वाट पाहावी लागते? बिघडलं तर दुरुस्त कोण करतं? आधीच्या विद्यार्थ्याच्या वह्या आणि डेटा कुठे आहे? मागच्या काही जणांना पीएचडीला किती वर्षं लागली, आणि सोडून कोण गेलं, का गेलं?

शेवटच्या प्रश्नावर शांतता पसरली तर तेही उत्तर आहे. सर किंवा मॅडम नावाजलेले असणं चांगलंच, पण महिन्यातून एकदाही ग्राफ पाहायला वेळ नसलेल्या नावाजलेल्या माणसापेक्षा रोज लॅबमध्ये चक्कर मारणारा तरुण प्राध्यापक पहिल्या दोन वर्षांत जास्त शिकवतो. माझं हे मत काही सहकाऱ्यांना पटत नाही.

कंपनीबरोबरचा प्रकल्प असेल तर पेपर छापता येतो का?

करारात काय लिहिलंय त्यावर. सही करण्याआधी दोन कलमं वाचा: छापण्यापूर्वी कंपनीला किती दिवस पाहायला द्यायचं, आणि प्रबंध गोपनीय ठेवावा लागेल का. पेटंटचा विचार असेल तर अर्ज आधी, पेपर नंतर. परिषदेतलं पोस्टरसुद्धा प्रकटीकरण धरलं जातं आणि बऱ्याच देशांत त्यानंतर पेटंट मिळत नाही. तारीख घातलेली, पानं न फाडलेली वही इथे कामाला येते.

नासाने तंत्रज्ञानाची पक्वता मोजायला १ ते ९ अशी पट्टी केली. विद्यापीठातलं काम साधारण ३ किंवा ४ पर्यंत पोचतं, म्हणजे तत्त्व सिद्ध झालं, प्रयोगशाळेत चाललं. तिथून बाजारापर्यंतचं अंतर एकट्या विद्यार्थ्याने पीएचडीत कापायचं नसतं. कुणी तसं आश्वासन देत असेल तर सावध राहा.

गणित कच्चं आहे. चालेल?

रेषीय बीजगणित, फूरिये रूपांतर आणि त्रुटींचं विश्लेषण एवढं पक्कं करा. तिसरं लोक टाळतात, नेमकं तेच रोज लागतं.

पुढे नोकऱ्या कुठे मिळतात?

अर्धवाहक आणि व्हॅक्यूम उपकरणांचे उद्योग, ऑप्टिक्स, मापनशास्त्राच्या प्रयोगशाळा, रुग्णालयं, पेटंटची कामं, डेटाची कामं, आणि अर्थात अध्यापन. मुलाखतीत प्रबंधाच्या नावापेक्षा ‘तुम्ही स्वतः कोणतं यंत्र चालवलं आणि ते चालत नसताना काय केलं’ यावर जास्त वेळ जातो.

यंत्र बंद पडलं की सहा-सहा महिने वाया जातात. तेव्हा काय करायचं?

पहिल्या आठवड्यात दुरुस्ती करणाऱ्याच्या शेजारी उभे राहा आणि तो उघडेल तो प्रत्येक भाग बघून घ्या. एवढ्या आतलं पाहायची संधी पुन्हा येत नाही. त्यानंतर जुना डेटा नव्याने तपासा, प्रबंधाचं पद्धतींचं प्रकरण लिहून टाका, शेजारच्या गटाच्या यंत्रावर वेळ मागा. आणि सुटा भाग मागवायचा असेल तर त्याचा अर्ज, कोटेशन आणि पाठपुरावा स्वतःकडे घ्या. खरेदी विभागात फाइल कोणत्या टेबलावर अडते हे ज्याला माहीत असतं, त्याचं यंत्र आधी सुरू होतं.